सावित्रीमाईंच्या पाठीवरचे मूल कुठे चालले होते?

१० मार्च हा क्रांतीज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक चित्र हमखास येते. वयस्कर सावित्रीमाई चालल्या आहेत आणि त्यांच्या पाठीवर प्लेगने आजारी पडलेले मूल आहे. चित्राखाली त्याग, ममता, बलिदान असे शब्द असतात. आपण ‘विनम्र अभिवादन’ लिहितो आणि चित्र पुढे पाठवतो. पण त्या चित्रात एक गोष्ट दिसत नाही आणि आमच्या मते तीच सर्वात महत्त्वाची आहे. सावित्रीमाई त्या मुलाला घेऊन कुठे चालल्या होत्या?

त्या दवाखान्यात चालल्या होत्या. साथ आली की लोक मरीआईला साकडे घालत, देवऋषाकडे धाव घेत, अशा त्या काळात त्यांनी मुलाला थेट डॉक्टरच्या दारात नेले. तो डॉक्टर म्हणजे त्यांचाच मुलगा यशवंत. त्या वेळी सावित्रीमाई ६६ वर्षांच्या होत्या. पती जाऊन सहा वर्षे झाली होती, सून जाऊन दोन वर्षे आणि चळवळीतला मुंबईचा मोठा सहकारी प्लेगने जाऊन जेमतेम महिना. एवढे दुःख पोटात असलेले माणूस खचून घरात बसले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. सावित्रीमाईंनी दुःखाचे काय केले, ते आयुष्यभर कोणत्या वाटेने नेले, हे आज समजून घ्यायचे आहे. कोरोनाने आपल्याही घरांतून माणसे नेली आणि त्यांच्याबद्दल आपण अजून धड बोललेलो नाही.

आम्ही प्रभादेवीत राहतो. सावित्रीमाईंचा प्लेग ही पुण्याची गोष्ट आहे असे आम्हालाही वाटू शकले असते. पण ती साथ आधी आमच्या मुंबईत आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरातून साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. त्यात गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. माणसे गावाकडे गेली आणि साथही पसरत गेली. रेल्वेच्या वाटेवरचे पुणे त्यातून सुटले नाही.

ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. २०२० मध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले गेले. कामगारांचा राग केवळ अडाणीपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. घरात शिरून माणूस उचलून न्यायचा, त्याचे काय झाले ते घरच्यांना नीट सांगायचे नाही, शेवटचे तोंडही पाहू द्यायचे नाही, असा कारभार असेल तर दवाखान्याची भीती वाटणारच. विज्ञान पोलिसाचा हात धरून आले की लोक त्याला पोलीसच समजतात. एका बाजूला लोकांची भीती आणि दुसऱ्या बाजूला सरकारचा बडगा, अशा वेळी मधली जागा कुणीतरी भरावी लागते. ज्याच्यावर वस्तीचा विश्वास आहे आणि ज्याचा औषधावर विश्वास आहे, असे माणूस लागते. सावित्रीमाई तसे माणूस कशा झाल्या, हे त्यांच्या मृत्यूच्या महिन्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतिरावांशी लग्न झाले. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे होते. जोतिरावांनी त्यांना शिकवले आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. अंगावर फेकलेले शेणगोळे, वडिलांच्या घरातून बाहेर पडावे लागणे, उस्मान शेख यांच्याकडे मिळालेला आसरा, हा भाग आपल्या प्रत्येक जयंतीच्या भाषणात असतो. तो इथे पुन्हा विस्ताराने सांगत नाही. त्या शाळांमध्ये काय शिकवले जात होते, हे मात्र एका निबंधातून दिसते.

फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता नावाची मांग समाजातली मुलगी होती. तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. ती तेव्हा लहान मुलगी होती, अक्षरओळख होऊन फार वर्षे झाली नव्हती. तिने आपल्या लोकांवर काय काय गुदरले ते लिहिले आणि ते कुणामुळे गुदरले हेही लिहिले. दुःख म्हणजे नशीब, पूर्वजन्मीचे पाप, असे तोवर सांगितले जात होते. या शाळेतली मुलगी दुःखाला कारण असते असे मांडत होती. बौद्ध वाचकाला इथे थांबून पाहावेसे वाटेल. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि कारण दूर करता येते, हा विचार तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितला. पुण्यातल्या त्या वर्गात तथागतांचे नाव घेतले जात होते असा आमचा दावा नाही. पण दुःखाचे कारण शोधायचे आणि ते मांडायचे, ही सवय त्या वर्गात मुलींना लागत होती.

सावित्रीमाई स्वतःही लिहीत होत्या. १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात शूद्रातिशूद्रांच्या अवस्थेवर, शिक्षणावर, इंग्रजी विद्येच्या गरजेवर कविता आहेत. पण त्याच संग्रहात चाफ्यावर, जाईच्या फुलावर, निसर्गावरही कविता आहेत. आपल्या भाषणांत या फुलांच्या कवितांना जागा मिळत नाही. आम्हाला वाटते ती मिळायला हवी. रस्त्यावर शेण झेलणारी बाई घरी येऊन जाईच्या फुलाकडे बघत होती, त्यावर शब्द जुळवत होती. लढणाऱ्या माणसाने फक्त लढ्याचेच बोलावे, असा हट्ट तिने स्वतःशी धरला नव्हता. चळवळीतल्या तरुणांनी एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवांनी तिथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल नको असेल तर तिथेच ठेवून जावे, अशी सोय होती. त्या काळी विधवेचे दुःख तिचे स्वतःचे राहत नसे. नवरा गेला की डोक्यावरचे केस जायचे, चांगले वस्त्र जायचे, घरातला माणूस म्हणून असलेली किंमत जायची. शोक कसा करायचा हे शास्त्र ठरवायचे आणि तो बाईच्या अंगावर कोरून ठेवायचे. सावित्रीमाईंनी या बायांच्या बाळंतपणात स्वतः लक्ष घातले. पुढे १८९० मध्ये मुंबईत शेकडो नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. हे नाव पुन्हा येणार आहे.

याच गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. जोतिराव-सावित्रीमाईंना स्वतःचे मूल झाले नव्हते. त्या काळात बाईला याबद्दल काय काय ऐकावे लागत असेल, हे आजही मूल नसलेल्या बायांना विचारले तर कळेल. त्यांनी नवस केले नाहीत. समाजाने टाकून दिलेले मूल उचलले, वाढवले, शिकवले आणि डॉक्टर केले.

१८७६-७७ चा दुष्काळ पडला तेव्हा सावित्रीमाई जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. गुरे मरत आहेत, माणसे गाव सोडून जात आहेत, सावकार लुटत आहेत आणि मदत करणाऱ्या सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच पकडले जात आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्नीने पतीला लिहिलेले खासगी पत्र, पण वाचताना एखाद्या कार्यकर्तीचा अहवाल वाचल्यासारखे वाटते. काय घडले, कुठे घडले, कोण जबाबदार आहे, आपण काय करत आहोत, हे सगळे त्यात क्रमाने येते. दुष्काळातल्या मुलांना जेवण मिळावे म्हणून धनकवडीला केंद्र चालवले गेले. माणसे डोळ्यांसमोर मरत असताना हळहळ तर सगळ्यांनाच वाटते. सावित्रीमाई हळहळीबरोबर नोंद ठेवत होत्या आणि नोंदीबरोबर चूल पेटवत होत्या.

१८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली. त्यांच्यावर डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करत होते आणि शुश्रूषा सावित्रीमाई करत होत्या. त्या अवस्थेत जोतिरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले.

त्यानंतरचा प्रसंग आपल्याला माहीत आहे, पण तो शोकाच्या बाजूने पाहिला जात नाही. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा मान वारसाचा. दत्तक मुलाने ते धरू नये म्हणून भाऊबंदांनी वाद घातला. घरात मृतदेह आहे आणि बाहेर हक्काची भांडणे चालली आहेत, अशी ती वेळ. सावित्रीमाई पुढे आल्या, टिटवे स्वतः हातात घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीला अग्नी दिला. बाईने स्मशानात जायचे नाही असा दंडक असताना १८९० मध्ये हे घडले. आपले मरण मिठात पुरून व्हावे अशी जोतिरावांची इच्छा होती. घरामागे खड्डाही करून ठेवला होता. वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. नंतर सावित्रीमाईंनी अस्थी आणून त्याच जागी ठेवल्या. आजच्या फुलेवाड्यातली समाधी ती हीच.

सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटाशिवाय पहिले लग्न लावले होते. लग्न मोडण्याची धमकी झुगारणे सोपे नव्हते, पण त्यात निदान आनंदाचा आधार होता. मरणाच्या दारात माणूस सर्वात दुबळा असतो. नेमके तिथेच पुरोहित, भाऊबंद आणि लोकलज्जा हात साधतात. सावित्रीमाईंनी तत्त्व पाळले ते त्या दिवशी, डोळ्यांत पाणी असताना. आज आपल्या घरातले माणूस गेले की त्रिसरण-पंचशील आणि पुण्यानुमोदन होते, कुणी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत नाही. ही मोकळीक आपल्याला बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिली. त्या वाटेवरचे एक पाऊल १८९० मधले आहे.

मग सावित्रीमाईंनी पुन्हा लेखणी घेतली. १८९२ मध्ये त्यांचे ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ प्रसिद्ध झाले. जोतिरावांच्या आठवणीत लिहिलेल्या या बावन्न रचना आहेत. नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेने लिहिलेले काव्य म्हटल्यावर वाचक विलापाची अपेक्षा करतो. पुस्तक उघडले की वेगळेच दिसते. त्यात उपोद्घात आहे, सिद्धांत आहे, मग पेशवाई येते, आंग्लाई येते आणि त्यानंतर जोतिबा येतात. म्हणजे आपले माणूस कोण होते हे सांगण्याआधी, ते माणूस कोणत्या काळात उभे राहिले आणि कशाविरुद्ध उभे राहिले, हे त्या सांगतात. स्वतःच्या वियोगाला त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या इतिहासात जागा दिली. कलेचा शोकासाठी उपयोग होतो तो असा. रडून मन हलके होते हे खरे, पण गेलेल्या माणसाचे मोल पुढच्या पिढीला कळायचे तर कुणीतरी ते रचून, मांडून ठेवावे लागते.

१८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी सावित्रीमाई होत्या. १८९५ मध्ये सून राधा गेली. ज्ञानोबा ससाणे यांच्या या मुलीला सावित्रीमाईंनी लग्नाआधीच घरी आणून शिकवले होते. दुःख एकदा येऊन गेले की पुन्हा येत नाही, असे काही नसते.

त्यानंतर प्लेग आला. मुंबईत गिरणी कामगारांसाठी उभे राहिलेले, ‘दीनबंधू’चे संपादक, कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे लोखंडे प्लेगच्या रुग्णांसाठी धावत होते. त्यांनाच प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. परळच्या श्रम विज्ञान संस्थेला आज त्यांचे नाव आहे. त्याच महिन्यात साथरोगांचा कायदा लागू झाला होता. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात सरकारने आधार घेतला तो याच १८९७ च्या कायद्याचा.

पुण्यात सावित्रीमाईंनी लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंतला बोलावून घेतले. शहराबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना उघडला. ज्या सुनेचे दुःख ताजे होते, तिच्याच माहेरच्यांच्या जमिनीवर हा दवाखाना उभा राहिला. सावित्रीमाई वस्त्यांमध्ये फिरत, रुग्ण शोधत, त्यांना दवाखान्यात आणत. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे त्यांना कळले. त्या तिथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि माळाकडे चालू लागल्या. मूल वाचले. सावित्रीमाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

इथे विज्ञानाची बाजू नीट पाहू या, कारण त्याशिवाय ही गोष्ट नुसती अश्रूंची होते. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे १८९७ मध्ये कळलेले नव्हते. उंदीर मरतात, मग माणसे मरतात, एवढे लोकांना दिसत होते. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले ते १८९८ मध्ये. सावित्रीमाई मुंढव्याला गेल्या तेव्हा आपण नेमके कशापासून सांभाळायचे, हे जगातल्या कुठल्याच डॉक्टरला त्यांना सांगता आले नसते.

त्याच काळात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्देमार हाफकिन प्लेगची लस बनवत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. मांसरसात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे जंतूंची वाढ चांगली होते, मग उष्णता देऊन ते मारायचे, अशी त्यांची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी सावित्रीमाई गेल्या. ती लस मुंढव्यापर्यंत वेळेत पोचली नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या देशात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९०५ च्या साथीत डॉ. यशवंतही रुग्णांची सेवा करताना गेले.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. आज ती हाफकिन संस्था. प्रभादेवी स्टेशन ओलांडून पूर्वेला गेलो की आम्ही चालत तिथे पोचतो. आमच्या भागातली शेकडो मुले रोज त्या भिंतीजवळून जातात. सावित्रीमाईंच्या जयंतीला शाळेत भाषण करणाऱ्या मुलीला, त्या भिंतीआड काय आहे आणि त्याचा माईंशी काय संबंध आहे, हे कुणी सांगत नाही. सांगायला हवे.

आणखी एक धागा आहे. प्लेगनंतर कोंदट वस्त्या सुधारण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधलेल्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या पोयबावडीतल्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आणि माता रमाई वीसहून अधिक वर्षे राहिले. त्यांनी चार मुले गमावली. १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला, १९३५ मध्ये राजगृहात रमाई गेल्या. जोतिरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांच्या वाट्याला हे दुःखही आले. तेही दुःख घेऊन ते ग्रंथांकडे, कायद्याकडे, शेवटी धम्माकडे गेले. उतारवयात व्हायोलिन शिकायला त्यांनी वेळ काढला, हेही आपण विसरू नये.

प्लेगच्या वेळी एक शब्द लोकांच्या अंगावर आला, तोच आपल्या अंगावर २०२० मध्ये आला. विलगीकरण. दूर राहा, शिवू नका, दारातून परत जा. आपल्या समाजाला हे शब्द ऐकून अंगावर काटा येतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच ऐकले आहे. म्हणून फरक स्पष्ट करून ठेवला पाहिजे. विलगीकरण जंतूसाठी असते, ठरावीक दिवसांचे असते, ब्राह्मणालाही लागू असते आणि बरे झाले की संपते. अस्पृश्यता जन्मापासून असते, कशानेच बरी होत नाही आणि तिला कुठलाही जंतू लागत नाही. मुंढव्याच्या त्या मुलाभोवती ही दोन्ही कुंपणे होती. सावित्रीमाईंनी जातीचे कुंपण तर कधीच ओलांडले होते. रोगापासून स्वतःला वाचवण्याचे साधन मात्र त्यांच्याकडे नव्हते. म्हणून त्यांच्या मृत्यूचा गौरव करताना आपण जपून बोलले पाहिजे. साधनाशिवाय मरणे हा आदर्श नाही. कोरोनात थाळ्या वाजल्या, पण सफाई कामगारांना हातमोजे आणि मास्क मिळण्यासाठी भांडावे लागले. त्यांतले कितीतरी आपल्याच वस्त्यांतले होते. त्यांना बलिदानाच्या कौतुकाआधी संरक्षण मिळायला हवे होते.

आता आपल्या दुःखाकडे येऊ. एप्रिल २०२० मध्ये वरळी, प्रभादेवी, लोअर परळचा आमचा जी दक्षिण विभाग मुंबईत रुग्णसंख्येने सर्वात पुढे होता. मुंबईत कोरोनाचे म्हणून नोंदलेले मृत्यूच साडेएकोणीस हजारांहून अधिक आहेत. चाळीत माणूस गेले तर खांदा द्यायला शेजारी यायचे, ते आले नाहीत. पुण्यानुमोदन मोबाईलच्या पडद्यावर झाले. त्या वर्षी १४ एप्रिलला घरातल्या घरात मेणबत्ती लागली आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी शांत राहिली. नंतर सगळे सुरू झाले, आपण कामाला लागलो. पण ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांचे रडणे अर्धेच राहिले आहे. वस्तीत त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि ते स्वतःहून सांगत नाहीत.

किसा गौतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत दारोदार फिरली. ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. प्रत्येक दारात तिने दुसऱ्याचे दुःख ऐकले आणि मग तिच्या डोळ्यांसमोरचा अंधार ओसरला. तिला उत्तर मिळाले ते उपदेशातून नव्हे, गावभर दारे ठोठावून. सावित्रीमाईंनीही पुण्याच्या आसपासच्या वस्त्यांची दारे ठोठावली. त्यांच्या पाठीवरचे मूल जिवंत होते आणि त्याला वाचवता येईल असे एक दार त्यांना माहीत होते. किसा गौतमी जे शिकली त्याच्या पुढचे पाऊल आम्हाला यात दिसते. मरण सगळ्यांच्या घरी येते हे मान्य करायचे, आणि जे मरण टाळता येते ते टाळण्यासाठी धावायचे.

म्हणून आपल्या तरुण मंडळांनी तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. पहिले काम नोंदीचे. आपल्या वस्तीत कोरोनात गेलेल्यांची, घरच्यांची संमती असेल तर, आठवण लिहून ठेवावी. ते माणूस कुठल्या गिरणीत होते, कुठली भीमगीते म्हणायचे, जयंतीच्या मिरवणुकीत काय करायचे, एवढे दोन पाने लिहिले तरी पुरे. सावित्रीमाईंनी बावन्न रचना लिहिल्या, आपण दोन पाने लिहू शकतो. दुसरे काम गाण्याचे, चित्राचे, नाटकाचे. आपल्याकडे शाहीर आहेत, गायनपार्ट्या आहेत. महामानवांच्या गाण्यांबरोबर आपल्या चाळीतल्या माणसांवरही एखादे गाणे व्हावे. तिसरे काम दवाखान्याचे. आमच्या भागात क्षयरोग आजही घराघरांत लपवला जातो. औषध मध्येच सोडले जाते, कारण कळले तर लोक काय म्हणतील ही भीती असते. रुग्णाबरोबर दवाखान्यात जाणारे, त्याच्या औषधाची आठवण ठेवणारे, त्याच्या शेजारी बसणारे चार तरुण प्रत्येक मंडळात असले पाहिजेत. मास्क लावून, माहिती घेऊन, डॉक्टरचे ऐकून. पाठीवर घ्यायची गरज कदाचित पडणार नाही, सोबत जायची पडेल.

येत्या १० मार्चला ते चित्र पुन्हा तुमच्याकडे येईल. पुढे जरूर पाठवा. फक्त त्याखाली आपल्या वस्तीजवळच्या पालिका दवाखान्याचा पत्ता आणि उघडण्याची वेळ लिहून पाठवा. माईंना तिथेच जायचे होते.

जय ज्योती, जय सावित्री, जय भीम!